दुसऱ्या संगणकावर आज्ञावली का अडते?

पतसंस्था, सार्वजनिक वाचनालय, शाळेचे कार्यालय किंवा औषधांचे दुकान अशा अनेक ठिकाणी दैनंदिन नोंदी कचेरीतल्याच दोन-चार संगणकांवर ठेवल्या जातात. त्यासाठीच्या कित्येक आज्ञावल्या मायक्रोसॉफ्ट अॅक्सेसमध्ये अथवा १९९८ साली आलेल्या व्हिज्युअल बेसिकच्या सहाव्या आवृत्तीत रचलेल्या असतात. रचणाऱ्याच्या संगणकावर त्या बिनतक्रार चालतात. कचेरीत आणून बसविल्या की मात्र मध्येच अडतात. आज्ञावली चालू असतानाच प्रगट होणाऱ्या अशा चुकीस ‘रनटाइम’ चूक म्हणतात. अशा वेळी आज्ञावलीच सदोष ठरविण्याकडे कल असतो, परंतु पुष्कळदा दोष दोन संगणकांतील फरकात असतो.

रचणाऱ्याच्या संगणकावर आज्ञावलीचे सर्व सोबती आधीपासून हजर असतात. डेटाबेस उघडणारे इंजिन, तक्ते व अहवाल दाखविणारे लहानमोठे घटक, अक्षरांचे फाँट यांतले काहीही मुख्य फाइलमध्ये सामावलेले नसते. केवळ ती फाइल पेनड्राइव्हवरून आणली, तर ४२९ क्रमांकाची चूक दिसते. आवश्यक घटक निर्माण करता आला नाही, असा तिचा अर्थ. ३७०६ क्रमांक दिसल्यास डेटाबेसशी जोडणी करून देणारा दुवाच सापडलेला नाही, असे समजावे. यावर उपाय म्हणजे सर्व घटकांसह तयार केलेला संच रीतसर बसविणे. अॅक्सेसमधील आज्ञावली केवळ चालवावयाची असेल, तर २००७ च्या आवृत्तीपासून अॅक्सेस रनटाइम विनामूल्य मिळते. प्रत्येक संगणकासाठी मूळ अॅक्सेस विकत घेण्याचे कारण नाही.

घटक बसवूनही ३७०६ कायम राहिल्यास ३२ व ६४ बिटांचा मेळ तपासावा. जुने जेट इंजिन फक्त ३२ बिटांचे आहे. २०१० पासून त्याच्या वारसदाराची ६४ बिटांची आवृत्ती मिळू लागली. परंतु ३२ बिटांच्या आज्ञावलीला ६४ बिटांचे इंजिन उपयोगी पडत नाही आणि उलटही नाही. ऑफिसची २०१९ ची आवृत्ती विशेष निवड न केल्यास ६४ बिटांचीच बसते. त्यामुळे नवा संगणक आला आणि जुनी नोंदवही बंद पडली, ही तक्रार ऐकू येते.

अॅक्सेसमध्ये एखादा संदर्भित घटक हरवला, तर चूक भलत्याच ठिकाणी दाखविली जाते. आजची तारीख देणाऱ्या साध्या आज्ञेवर बोट ठेवले जाते आणि दुरुस्ती करणारा तिथेच तासन् तास घालवितो. प्रथम संदर्भांची यादी उघडून ‘मिसिंग’ अशी खूण कोठे आहे ते पाहावे.

न बोलणारे दोष

वरील चुका निदान स्वतःहून सांगतात. काही दोष मात्र कोणतीही सूचना न देता नोंदी बिघडवितात आणि तेच अधिक घातक होत. विंडोज व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून, ‘प्रोग्रॅम फाइल्स’ या फोल्डरमध्ये सामान्य वापरकर्त्यास लिहिता येत नाही. जुनी आज्ञावली तेथेच डेटाबेस ठेवीत असेल, तर विंडोज तिला न अडविता त्या वापरकर्त्याच्या नावे वेगळी प्रत तयार करते. सकाळच्या पाळीतील लिपिकाने केलेल्या नोंदी दुपारच्या लिपिकास दिसत नाहीत, याचे कारण बहुधा हे. डेटाबेस स्वतंत्र सामायिक फोल्डरमध्ये ठेवावा आणि तेथे सर्वांना फाइल निर्माण करण्याचा व पुसण्याचा अधिकार द्यावा. कारण कोण काम करीत आहे याची नोंद ठेवणारी कुलूप-फाइल त्याच फोल्डरमध्ये तयार होत असते.

तारखेचा दोष याहून गंभीर आहे. जेटला प्रश्नरूप आज्ञेत दिलेली तारीख ते अमेरिकन पद्धतीने, म्हणजे आधी महिना व मग दिवस अशी वाचते. संगणकावर भारतीय मांडणी निवडलेली असली तरी त्यात फरक पडत नाही. रचणाऱ्याच्या संगणकावर अमेरिकन मांडणी असल्यास सारे जुळते. कचेरीत मात्र कर्जदाराने ५ एप्रिल २०२४ रोजी भरलेला हप्ता ०५-०४-२०२४ असा जातो आणि ४ मे म्हणून नोंदला जातो. वेळेवर पैसे भरणाऱ्यावर दंडव्याज चढते. त्यातच २५ तारीख आली की पंचविसावा महिना नसल्याने इंजिन आपणहून दिवस-महिना बरोबर लावते. म्हणून महिनाअखेरच्या तपासणीत सर्व काही ठीक वाटते. तारीख नेहमी वर्ष-महिना-दिवस या क्रमाने पाठविणे, किंवा मजकुरात न गुंफता स्वतंत्र मूल्य म्हणून देणे, हा यावरील खात्रीचा उपाय.

झालेल्या नोंदींचे काय? उलटलेली तारीखही दिसायला वैधच असते, त्यामुळे संगणक ती ओळखू शकत नाही. पावती-पुस्तकाशीच ताळा घ्यावा लागतो. मात्र संशय फक्त महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांपुरता असतो. त्यातून १ जानेवारी, २ फेब्रुवारी अशा बारा तारखा वगळता वर्षात १३२ तारखाच तपासावयाच्या उरतात.

देवनागरीचा प्रश्न

नावांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटणे हा मराठी कचेऱ्यांचा खास अनुभव. अॅक्सेस २००० पासून डेटाबेसमध्ये युनिकोड साठविले जाते, पण व्हिज्युअल बेसिकच्या सहाव्या आवृत्तीतील नेहमीच्या चौकटी युनिकोड दाखवीत नाहीत आणि देवनागरीसाठी विंडोजमध्ये जुन्या पद्धतीचे संकेतपान नाही. फाँट बदलून येथे काही साधत नाही. युनिकोड जाणणाऱ्या चौकटीच बसवाव्या लागतात. तोवर प्रश्नचिन्हे दिसणारी नोंद उघडून पुन्हा जतन करू नये, अन्यथा मूळ नाव पुसले जाऊन प्रश्नचिन्हेच कायमची साठविली जातात.

कचेरीत बसविण्यापूर्वी आज्ञावली रचनेची कोणतीही साधने नसलेल्या कोऱ्या संगणकावर, सामान्य वापरकर्त्याच्या अधिकाराने व भारतीय तारीख-मांडणी ठेवून चालवून पाहावी. चाचणीसाठी घ्यावयाची तारीख बाराच्या आतली असावी. तरीही चूक आलीच, तर लिपिकाने खिडकी बंद करण्यापूर्वी तिचा क्रमांक, वेळ आणि त्या क्षणी चाललेले काम कागदावर टिपून ठेवावे.