दुरुस्त केलेला आकडा कितपत दुरुस्त असतो?

अमेरिकेतल्या किती प्रौढांनी कोविड लशीचा किमान एक डोस घेतला, हे २०२१ साली अनेक सर्वेक्षणे मोजत होती. कार्नेगी मेलन विद्यापीठाचा डेल्फी गट आणि फेसबुक यांच्या सर्वेक्षणाला दर आठवड्याला सुमारे अडीच लाख उत्तरे येत. ॲक्सिऑस-इप्सॉसच्या सर्वेक्षणात एका वेळी जेमतेम हजार माणसे असत. पुढे सरकारी लसीकरणाच्या नोंदींशी ताळा घातला, तेव्हा मे महिन्यातला अडीच लाखांचा अंदाज तब्बल १७ टक्केबिंदूंनी जास्त निघाला. हजारांचा अंदाज मात्र वस्तुस्थितीच्या बराच जवळ होता. गंमत म्हणजे अडीच लाखांच्या आकड्यावर दुरुस्तीचे संस्कारही झालेले होते.

नमुन्यात आलेली माणसे आणि न आलेली माणसे यांच्यात, आपण जे मोजतो आहोत त्याच बाबतीत फरक असला की निष्कर्ष एका बाजूला कलतो. संख्याशास्त्रात याला सिलेक्शन बायस म्हणतात. हा कल काढण्याच्या पद्धती आहेत आणि त्या उपयोगीही आहेत. पण त्यांच्याभोवती काही समजुती घट्ट बसल्या आहेत.

गैरसमज १ : नमुना पुरेसा मोठा असला की कल आपोआप विरतो.

वस्तुस्थिती : नमुना वाढवल्याने कमी होते ती योगायोगाने येणारी चूक. निवडीतून आलेली चूक जागची हलत नाही. शितावरून भाताची परीक्षा होते खरी, पण वरच्या थरातली चार शिते काढली काय किंवा वाटीभर काढली काय, तळाचा भात कच्चा आहे का ते कळत नाही.

मोठ्या नमुन्याचा धोका उलट जास्त असतो. उत्तरे लाखांत असली की त्रुटीची मर्यादा केसाएवढी बारीक दिसते आणि चुकीचा आकडा मोठ्या आत्मविश्वासाने छापला जातो. फेसबुक सर्वेक्षणाची चिकित्सा करणारा लेख २०२१ च्या अखेरीस ‘नेचर’मध्ये आला. त्यातल्या हिशेबानुसार, एप्रिल २०२१ मधल्या त्या अडीच लाख उत्तरांची अचूकता अवघ्या १० माणसांच्या खऱ्या यादृच्छिक नमुन्याइतकी होती.

गैरसमज २ : दोष यादीत असतो, यादी नीट केली की प्रश्न मिटला.

वस्तुस्थिती : १९३६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत ‘लिटररी डायजेस्ट’ने सुमारे १ कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. त्यांपैकी २३ लाखांच्या आसपास परत आल्या आणि साप्ताहिकाने आल्फ लँडन यांच्या विजयाचे भाकीत केले. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. पत्ते दूरध्वनी-सूची आणि मोटारनोंदणीतून घेतल्यामुळे यादीत सधन लोकच जास्त होते, हे कारण पाठ्यपुस्तकांत वर्षानुवर्षे सांगितले गेले. पेव्हरिल स्क्वायर यांनी १९८८ साली जुन्या गॅलप पाहणीच्या आधारे हा प्रसंग पुन्हा तपासला. त्यांचा निष्कर्ष असा, की मतपत्रिका मिळालेल्या सगळ्यांनी ती परत पाठवली असती, तर निदान विजेता तरी बरोबर आला असता. यादी कललेली होतीच. पण निकाल उलटला तो उत्तर देण्याची तसदी कोणी घेतली आणि कोणी नाही, यामुळे.

कल याच्याही पुढे, प्रत्यक्ष मोजणीत शिरू शकतो. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मलेले पां. वा. सुखात्मे हे नमुना-पाहणीच्या शास्त्रातले जगन्मान्य नाव. पीककापणी प्रयोगांसाठी शेते यादृच्छिक पद्धतीने निवडली, तरी कापणीचा तुकडा फार लहान ठेवला तर उत्पादनाचा अंदाज फुगतो, हे त्यांनी १९४० च्या दशकात दाखवले. हद्दीवरची रोपे आत धरावीत की बाहेर, असा प्रश्न आला की मोजणाऱ्याचा हात ती आत ओढतो. तुकडा जितका लहान, तितका हद्दीचा वाटा मोठा. म्हणजे शेत निवडताना पाळलेली शिस्त रोप निवडताना निसटते.

गैरसमज ३ : लोकसंख्येतल्या प्रमाणानुसार भार दिला की दुरुस्ती पूर्ण होते.

वस्तुस्थिती : नमुन्यात स्त्रिया कमी असतील तर प्रत्येकीचे उत्तर जास्त वजनाने मोजायचे, ही भारांकनाची युक्ती. तिच्या पोटात एक गृहीतक दडलेले आहे : आलेल्या स्त्रिया न आलेल्या स्त्रियांसारख्याच आहेत. हे खरे असेल तर युक्ती अफाट चालते. २०१२ च्या अमेरिकी निवडणुकीआधी संशोधकांनी एक्सबॉक्स या खेळयंत्रावरून सुमारे साडेतीन लाख लोकांची मते घेतली. त्यांत ९३ टक्के पुरुष आणि ६५ टक्के जण १८ ते २९ वयाचे होते. इतका वाकडा नमुना असूनही वय, लिंग, वंश, शिक्षण, राज्य, पक्षनिष्ठा आणि २००८ मधले मत हे सगळे विचारात घेऊन दुरुस्ती केल्यावर अंदाज नामांकित चाचण्यांच्या तोडीचे आले.

फेसबुकच्या सर्वेक्षणात वय आणि लिंग यांचा हिशेब होता, शिक्षण आणि वंश यांचा नव्हता. आणि लस घेणे-न घेणे या गोष्टींशीही निगडित होते. २०१६ च्या निवडणुकीतही अनेक राज्यस्तरीय चाचण्यांनी शिक्षणाचा भार दिला नव्हता आणि पदवीधर प्रमाणाबाहेर मोजले गेले. तेव्हा भार दिला का, एवढेच विचारून भागत नाही. तो कशाकशाचा दिला, हे पाहावे लागते.

गैरसमज ४ : नमुना निवडक असेल तर उत्तर चुकणारच, आणि दुरुस्तीनंतर ते बदललेच पाहिजे.

वस्तुस्थिती : शिक्षणाने स्त्रियांचा पगार किती वाढतो, हा प्रश्न घ्या. पगार फक्त नोकरी करणाऱ्यांचाच दिसतो. कमी शिकलेली स्त्री घराबाहेर पडते ती बहुधा तिच्या अंगी दुसरे काही कसब असेल आणि त्याला चांगले पैसे मिळत असतील तर. मग नोकरदारांच्या यादीत कमी शिकलेल्यांतल्या हुन्नरी तेवढ्या उरतात आणि शिक्षणाचा फायदा आहे त्याहून कमी दिसू शकतो. मात्र नोकरी करणे-न करणे हे शिक्षण किंवा वय अशा हिशेबात आधीच घेतलेल्या गोष्टींवरच अवलंबून असेल, तर त्या हिशेबातून निघणारा शिक्षणाचा परिणाम बिघडत नाही.

जेम्स हेकमन यांनी १९७९ साली यावर दोन टप्प्यांची रीत मांडली. आधी प्रत्येक स्त्री नोकरीत असण्याची शक्यता काढायची. मग तिच्यावरून एक दुरुस्ती-पद तयार करून पगाराच्या समीकरणात घालायचे. निवडक नमुन्यांवरच्या कामासाठी त्यांना २००० सालचे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. ही रीत शिकवताना हमखास वापरली जाणारी माहिती १९७५ मधल्या ७५३ विवाहित अमेरिकी स्त्रियांची आहे. त्यांतल्या ४२८ जणी कमावत्या होत्या. साध्या हिशेबात शिक्षणाच्या एका वर्षामागे पगार सुमारे १०.८ टक्क्यांनी वाढतो. हेकमन-दुरुस्तीनंतर सुमारे १०.९. दुरुस्ती-पदाची किंमत ०.०३ आणि तिची प्रमाण त्रुटी ०.१३, म्हणजे या माहितीत निवडीच्या कलाचा पुरावाच दिसत नाही. न बदललेले उत्तर हेही उत्तरच.

गैरसमज ५ : हेकमन-दुरुस्ती हा रामबाण आहे, सॉफ्टवेअरमध्ये एक आज्ञा दिली की झाले.

वस्तुस्थिती : या रीतीला असा एखादा घटक लागतो, की जो नोकरी करण्यावर परिणाम करतो पण पगारावर थेट करत नाही. वरच्या उदाहरणात घरातले सहा वर्षांखालील मूल आणि नवऱ्याची कमाई असे घटक ती भूमिका करतात. त्यांवरही शंका घेता येते : लहान मुलामुळे आई कमी पगाराची पण सोयीची नोकरी पत्करत नसेल कशावरून? असा घटकच नसेल, तर दुरुस्तीचा सगळा डोलारा न दिसणारे घटक विशिष्ट घंटाकृती वक्रानुसार विखुरले आहेत या गृहीतकावर उभा राहतो. मग दुरुस्ती-पद बाकीच्या घटकांशी इतके मिसळते, की अंदाज डळमळीत होतो.

अशा वेळी चार्ल्स मॅन्स्की यांचा मार्ग अधिक प्रामाणिक ठरतो. समजा १०० पैकी ७० जणांनी उत्तर दिले आणि त्यांतले ४२ जण ‘हो’ म्हणाले. गप्प राहिलेले ३० जण सगळे ‘नाही’चे असतील किंवा सगळे ‘हो’चे. म्हणजे खरा आकडा ४२ ते ७२ टक्क्यांच्या दरम्यान कुठेतरी आहे. पट्टा रुंद आहे, पण उसन्या गृहीतकावर टेकलेला नाही.

ही चर्चा आपल्याकडच्या आकड्यांनाही लागू पडते. सरकारी श्रमबल पाहणीनुसार (पीएलएफएस) १५ वर्षांवरील स्त्रियांचा श्रमबलातला सहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्के झाला. या वाढीत स्वयंरोजगाराचा वाटा मोठा आहे आणि त्यात घरच्या शेतीत किंवा धंद्यात विनामोबदला राबणाऱ्याही येतात. त्यामुळे पगारी स्त्रियांची सरासरी कमाई दोन वर्षांत वरखाली झाली, तर एखाद्या बाईचा पगार बदलला की पगारी कामात असणाऱ्या बायकाच बदलल्या, हे नुसत्या सरासरीवरून सांगता येत नाही.

निवडीचा कल नमुन्याच्या आतून पुसता येत नाही. प्रत्येक दुरुस्ती नमुन्याबाहेरचे काहीतरी आणते : जनगणनेतले प्रमाण, पगाराशी थेट नाते नसलेला घटक, नाहीतर नुसते गृहीतक. म्हणून ‘दुरुस्त’ असा शिक्का मारलेला आकडा समोर आला की तीन गोष्टी मागाव्यात. दुरुस्तीआधीचा आकडा किती होता? बाहेरून काय आणले? आणि ते आणलेले खोटे ठरले, तर आकडा किती हलेल? तिसऱ्याचे उत्तर नसेल, तर पहिल्या दोहोंची उत्तरे असूनही तो आकडा कच्चाच समजावा.