संगीन : इतिहासाचे एक उपेक्षित साधन

जुनी तलवार घरात सापडली तर तिची पूजा होते; जुनी संगीन मात्र बहुधा भंगारात जाते. वस्तुतः तिच्या अंगावर इतिहास कोरलेला असतो.

संगीन म्हणजे बंदुकीच्या नळीस जोडावयाचे पाते. सतराव्या शतकात ती नळीच्या तोंडातच खोचीत. साहजिकच ती बसविल्यावर गोळी झाडता येत नसे. पुढे नळीभोवती बसणारे कडे आले व ही अडचण दूर झाली. बंदूकच भाल्याचेही काम करू लागल्याने पायदळात वेगळे भालाईत ठेवण्याची गरज उरली नाही.

महादजी शिंदे यांच्यासाठी दि बॉयन याने उभारलेल्या कवायती कंपूंनी हे शस्त्र वापरले. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या रणांगणावर दोन्ही बाजूंस संगीनधारी पायदळ होते. नाशिक जिल्ह्यात मे-जून १८१८ मध्ये मालेगावच्या किल्ल्यास वेढा घालणाऱ्या कंपनीच्या पलटणींजवळही संगिनी होत्या.

संग्राहकाने प्रथम खुणा वाचाव्यात. पहिल्या महायुद्धातील ली-एन्फिल्ड रायफलीच्या, १७ इंची पात्याच्या संगिनीवर '१९०७' हा आकडा आढळतो. तो नमुन्याचे वर्ष दाखवितो, निर्मितीचे नव्हे. निर्मितीचा महिना व वर्ष निराळे ठोकलेले असतात. जवळच कारखान्याचे नाव असते. हा भेद महत्त्वाचा आहे. कारण पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ अन्वये सामान्यतः किमान १०० वर्षे जुनी ऐतिहासिक वस्तूच पुरावशेष ठरते. पाते सहाणेवर घासून चकचकीत केल्यास नेमका हाच पुरावा नाहीसा होतो. पाते कोरडे ठेवून त्यास तेलाचा पातळ हात द्यावा. चामडी म्यान ओलावा धरते. म्हणून ते वेगळे ठेवावे.

कायद्याचे भानही हवे. शस्त्र नियमांच्या अनुसूचीत संगिनीचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणून खरेदी-विक्रीपूर्वी जिल्हा दंडाधिकारी कार्यालयात चौकशी करावी. पुरावशेष परस्पर परदेशी पाठविता येत नाही. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार जिल्हाधिकाऱ्यांस कळविणे बंधनकारक आहे.

वस्तू कोठे, केव्हा व कोणाकडे मिळाली, ही नोंद नसेल तर संगीन निव्वळ लोखंड उरते. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकरवी खुणांची रेखाटने व वृद्धांच्या आठवणी टिपून घ्याव्यात. पंचायत सदस्यांनी अशा वस्तू भंगारात जाण्यापूर्वी पुरातत्त्व विभागास कळवावे. गावाचा इतिहास गावातच जपण्याचा हा सोपा मार्ग होय.