मेलेला माणूस धूर गिळत नाही

एका बाईने नवऱ्याला मारलं आणि मग घराला आग लावून दिली. ‘आगीत सापडून गेले’ म्हणत ती रडत बसली. नवऱ्याच्या भावकीला संशय आला आणि तक्रार झाली, पण बाई काही केल्या कबूल होईना. ही गोष्ट तिसऱ्या शतकातल्या चीनमधली, वू राज्यातली. जूझांग परगण्याचा अधिकारी झांग जू याच्यापुढे खटला आला. त्याने बाईला दरडावलं नाही, शेजाऱ्यांच्या साक्षीही काढत बसला नाही. दोन डुकरं मागवली. एक मारून, एक जिवंत, अशी दोन्ही रचलेल्या लाकडांवर जाळली. आग विझल्यावर त्यांची तोंडं उघडून पाहिली. जिवंत जळलेल्याच्या तोंडात राख होती, आधी मेलेल्याच्या तोंडात नव्हती. मग प्रेताचं तोंड उघडलं. तिथेही राखेचा कण नव्हता. बाईने गुन्हा कबूल केला.

डुकराची कीव येते, यात शंका नाही. पण त्या माणसाने काय केलं ते जरा बघा. लाकडं तीच, आग तीच, प्राणी तोच; फरक फक्त एका गोष्टीत, श्वासात. आजच्या प्रयोगशाळेत याहून वेगळं काही करत नाहीत. प्रयोग म्हणजे काय, हे शिकवायला कुणी नसतानाच्या काळात एका परगण्याच्या अधिकाऱ्याला हे सुचलं!

पुढे 1247 साली सोंग त्स नावाच्या न्यायाधिकाऱ्याने मृतदेहांच्या तपासणीवर एक ग्रंथच लिहिला. जळून मेलेल्यांसाठी त्यात स्वतंत्र प्रकरण आहे आणि ते वाचताना माणूस थक्क होतो. जिवंत जळलेल्याच्या तोंडा-नाकात काजळी सापडते, मेल्यावर जाळलेल्याच्या तोंडात सापडत नाही, हे त्यात आहेच. शिवाय हातपाय आखडलेले दिसले म्हणून फसू नका, ते मेल्यावर जाळलेल्याचेही आखडतात, हा इशाराही आहे. प्रेताखालची राख झाडून जमिनीवर कडक व्हिनेगर आणि दारू शिंपडा, वार करून मारलं असेल तर जमिनीत मुरलेलं रक्त लाल उठून दिसेल, अशी युक्ती आहे. आणि हे सगळं करण्याआधी काय विचारायचं, तेही सांगितलं आहे. आग कुठून लागली? त्या वेळी हा माणूस कुठे होता आणि तिथे का होता? कुणी वाचवायला गेलं का? याचं कुणाशी भांडण झालं होतं का?

शेवटच्या प्रश्नाकडे आपण येऊच. आधी श्वासाचं बघू.

आज शवविच्छेदनात डॉक्टर तोंडावर थांबत नाहीत. तोंड उघडं राहिलं तर मेलेल्याच्याही तोंडात काजळी उडून बसू शकते. म्हणून श्वासनलिका उभी चिरून पार खालपर्यंत, तिच्या फाट्यांपर्यंत पाहिली जाते. स्वरयंत्राच्या खाली, ओल्या गुलाबी अस्तरावर चिकट श्लेष्मात काळे कण अडकलेले दिसले, तर आग लागली तेव्हा ही व्यक्ती श्वास घेत होती. अन्ननलिकेत आणि जठरात काजळी सापडली, तर ती गिळतही होती.

त्याहून बोलका पुरावा रक्तात असतो. कोंदलेल्या आगीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा सुमारे 200 ते 250 पट घट्ट धरतं. एसटीत खिडकीची जागा पकडलेला प्रवासी आणि हा वायू, दोघंही सहजी उठत नाहीत. धूम्रपान न करणाऱ्याच्या रक्तात या जोडीचं प्रमाण 1-2 टक्के असतं, भरपूर विड्या-सिगारेटी ओढणाऱ्याचं 10 टक्क्यांच्या आसपास जातं. आगीत गुदमरून गेलेल्यांमध्ये ते बऱ्याचदा 50 टक्क्यांच्या वर आढळतं आणि प्रेतावरचे डाग नेहमीसारखे जांभळट न दिसता लालचुटूक दिसतात. छाती हलत नसेल, हृदय चालत नसेल, तर हा वायू शरीरभर पसरणार कसा? माणसाने घेतलेला शेवटचा श्वास कसा होता, याची नोंद अशी रक्तातच राहते. वरची कातडी कोळसा झाली तरी हृदयाच्या कप्प्यातलं चमचाभर रक्त पुष्कळदा वाचलेलं असतं.

यातला मला सगळ्यात अचंबित करणारा प्रकार कवटीतला आहे. प्रचंड उष्णतेने कवटी तडकते, आत रक्ताची गुठळी साचते, आणि बघणाऱ्याला वाटतं, कुणीतरी डोक्यात घातलं. ही उष्णतेची करामत की आधीचा मार? त्या गुठळीतल्या रक्ताचीच तपासणी करतात. मार आगीच्या आधी बसला असेल, तर गुठळीतलं रक्त धूर आत जाण्यापूर्वीच अभिसरणातून बाहेर पडलेलं असतं. त्यात कार्बन मोनॉक्साइड फारसा नसतो, बाकी शरीरात मात्र भरपूर. दोन्हीकडे प्रमाण सारखं असेल, तर ती गुठळी आगीची. एकाच माणसाच्या रक्ताचे दोन थेंब दोन वेगवेगळ्या वेळा सांगतात!

मात्र श्वासनलिका स्वच्छ निघाली म्हणजे खून, असं गणित मांडू नये. पेट्रोलचा भडका इतक्या झटक्यात जीव घेतो की धूर ओढायला अवसरच मिळत नाही. किंवा असं समजा: एकट्या राहणाऱ्या गृहस्थाला गादीवर सिगारेट ओढता ओढता हृदयविकाराचा झटका आला, ते गेले, हातातली सिगारेट गादीवर पडली. आग मृत्यूनंतर लागली, फुप्फुसं कोरी राहिली, आणि खून कुणीच केला नाही. आणि मुठी आवळून, कोपरं वाकवून, मारामारीच्या पवित्र्यात सापडलेलं प्रेत? सोंग त्सचाच इशारा आठवायचा. उष्णतेने स्नायू आक्रसतात. वाकवणारे स्नायू ताणणाऱ्यांपेक्षा बलवान, म्हणून हात वाकतात. झटापटीशी त्याचा संबंध नाही.

शरीर इतकं नेमकं बोलत असताना जळालेलं घर मात्र चक्क खोटं बोलतं. हे कळायला विसावं शतक संपत यावं लागलं आणि त्याची किंमत माणसांनी मोजली.

पूर्वी तपासणारे अधिकारी घरात शिरायचे, फरशीवरचे वेडेवाकडे काळे डाग बघायचे आणि सांगायचे, इथे पेट्रोल ओतलंय. काचेला जाळीदार तडे दिसले की म्हणायचे, आग फार झपाट्याने भडकली. हे सगळं गुरूकडून शिष्याकडे आलेलं; कुणी जाळून पाहिलेलं नव्हतं. 1990 साली फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल शहरात एका घराला आग लागून सहा जण गेले. लहान मुलाला घेऊन बाहेर पडलेल्या घरातल्या पुरुषावर संशय आला. सरकारी वकिलांनी आरोप पक्का करण्यासाठी शेजारचं तशाच बांधणीचं रिकामं घर मिळवलं, त्यात तसाच गालिचा, तसाच सोफा आणला आणि सोफ्याला नुसती काडी लावली. पेट्रोल नाही, काही नाही. पाच मिनिटांच्या आत सगळी खोली पेटली आणि फरशीवर अगदी ‘ओतल्यासारखे’ डाग उमटले. आरोप मागे घ्यावा लागला. आपल्याच बाजूचा प्रयोग आपल्यावर उलटल्यावर तो मान्य करणारे ते वकील मला खटल्यातले खरे शहाणे वाटतात.

तिथे झालं काय होतं? बंद खोलीत गरम धूर छताखाली साचत जातो. त्याचं तापमान 600 अंश सेल्सियसच्या आसपास गेलं की त्याची धग खालच्या प्रत्येक वस्तूवर पडते आणि गादी, पडदे, गालिचा, खुर्ची, सारं जवळपास एकाच क्षणी पेटतं. अग्निशमन दलातले लोक याला फ्लॅशओव्हर म्हणतात. त्यानंतर कुठे जास्त जळणार, हे आग कुठे लागली यावर ठरत नाही. हवा कुठून येते, दार उघडं की खिडकी, यावर ठरतं. 2005 साली लास वेगासला तज्ज्ञांनी दोन खोल्या पेटवल्या, फ्लॅशओव्हरनंतर सुमारे दोन मिनिटं जळू दिल्या आणि 53 तपासकांना विचारलं, आग कोणत्या कोपऱ्यात लागली? पहिल्या खोलीचं उत्तर फक्त तिघांचं बरोबर आलं. दुसऱ्या खोलीचंही तिघांचंच, आणि तेही वेगळ्या तिघांचं. डोळे मिटून बोट ठेवलं असतं तरी चौथाई लोक बरोबर निघाले असते.

काचेच्या जाळीचं रहस्य तर आणखी साधं निघालं. 1991 साली कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला डोंगरउतारावरची घरं वणव्यात जळाली. तिथे पेट्रोल ओतायला कुणीच गेलं नव्हतं, तरी तसल्या काचा सापडल्या. नंतरच्या चाचण्यांत कळलं, तापलेल्या काचेवर बंबाचं पाणी पडलं की ती अशी तडकते.

टेक्सासमधल्या कॉर्सिकाना गावी डिसेंबर 1991 मध्ये कॅमेरॉन टॉड विलिंगहॅमच्या घराला आग लागून त्याच्या तीन मुली गेल्या. तो बायकोला मारहाण करायचा, हे गावाला ठाऊक होतं. भिंतीवरची भडक पोस्टर्ससुद्धा खटल्यात त्याच्या स्वभावाचा पुरावा म्हणून दाखवण्यात आली. डाग आणि तडे होतेच. शिक्षेच्या अंमलबजावणीच्या थोडं आधी एका अग्नितज्ज्ञाने यातली एकही खूण आग लावल्याचं सिद्ध करत नाही, असा अहवाल पाठवला. 17 फेब्रुवारी 2004 रोजी त्याला विषारी इंजेक्शन देऊन मृत्युदंड दिला गेला. माणूस वाईट होता, म्हणून डाग पेट्रोलचे ठरले. तपास उलट्या टोकाने चालला की असं होतं.

आता तो शेवटचा प्रश्न, भांडणाचा. घरात बाई जळून मेली की पोलीस आधी नवऱ्याकडे, घटस्फोटित नवऱ्याकडे, पूर्वीच्या प्रियकराकडे वळतात, आणि त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार 2023 साली जगात सुमारे 51,100 स्त्रिया आणि मुली जोडीदाराच्या किंवा कुटुंबातल्याच कुणाच्या हातून मारल्या गेल्या; जाणूनबुजून मारल्या गेलेल्या स्त्रियांत हे प्रमाण 60 टक्क्यांच्या आसपास आहे. तेव्हा जुन्या जोडीदाराची चौकशी व्हायलाच हवी. पण जुना राग हे चौकशीचं कारण आहे. पुरावा वेगळा मिळवावा लागतो.

तो कुठे मिळतो? पेट्रोल ओतणाऱ्याच्या अंगावर, पुष्कळदा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि थंडीतही पेट घेते. ती जमिनीलगत पसरत काडी ओढणाऱ्याच्या पायाशी येऊन थांबलेली असते. काडी पेटताच भडका त्याच्याच तोंडावर येतो. भुवया, पापण्या, मनगटावरचे केस टोकाला होरपळून आखडतात. अर्थात वाचवायला धावलेल्याचेही केस होरपळतात, म्हणून होरपळलेल्या केसाला कपड्यांवरच्या वासाची आणि वेळेची जोड लागते. घरात पेट्रोल उरलंच, तर पलंगाच्या पायाखाली, फरशीच्या फटीत, जिथे हवा पोचली नाही तिथे. ती माती-राख झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात किंवा काचेच्या बरणीतच भरायची. साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून वाफ निसटते आणि प्रयोगशाळेत पोचेपर्यंत पुरावा हवेत विरलेला असतो. मोबाइलच्या टॉवरची नोंद फोन कुठे होता ते सांगते. माणूस कुठे होता, ते वेगळं शोधावं लागतं.

आपल्याकडे ‘स्टोव्हचा भडका उडाला’ हे वाक्य वाचत दोन पिढ्या मोठ्या झाल्या. अकस्मात मृत्यूची नोंद व्हायची आणि विषय संपायचा. तरी जाणता डॉक्टर जखमांवरूनच ओळखायचा. स्टोव्हपाशी पदर किंवा निऱ्या पेटल्या तर जळणं पुढच्या बाजूने, खालून वर जातं. डोक्यावरून रॉकेल ओतलं असेल तर केसांच्या मुळाशी रॉकेलचा वास येतो, टाळू भाजलेली असते. आणि ‘फुटलेल्या’ स्टोव्हची टाकी पंचनाम्यात धड सापडायची! अशाच अनुभवातून तेव्हाच्या भारतीय दंड संहितेत 1983 मध्ये सासरच्या छळाचं 498-अ आणि 1986 मध्ये हुंडाबळीचं 304-ब ही कलमं आली. लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत विवाहिता संशयास्पद रीतीने गेली तर शवविच्छेदन टाळता येत नाही. भाजलेली व्यक्ती अनेकदा काही तास, काही दिवस शुद्धीवर असते, म्हणून जळीत कक्षातला मृत्युपूर्व जबाब आपल्या न्यायालयांत इतका महत्त्वाचा ठरला. लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य या 2002 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं, जबाब देणारी व्यक्ती शुद्धीवर होती अशी जबाब घेणाऱ्याची खात्री असेल, तर केवळ डॉक्टरचं प्रमाणपत्र नाही म्हणून तो जबाब नाकारता येणार नाही.

शेजारी कधी आग लागली, तर आधी 101 किंवा 112 ला फोन करा. मग लांबून मोबाइलवर चित्रण करा. कोणत्या खिडकीतून आधी धूर आला, दार उघडं होतं की बंद, हे पहिल्या पाच मिनिटांनंतर जळालेली खोली सांगू शकत नाही. ते चित्रण पुढे पाठवत बसू नका, मूळ फाइल जपून पोलिसांकडे द्या. आणि पंचनामा होईपर्यंत तिथे कुणालाही झाडू मारू देऊ नका.