लोणी सांगते तापमान

दूरचित्रवाणीच्या पडद्यावरील पदार्थाचा वास येत नाही, चव कळत नाही. आणि पडदा कृष्णधवल असला तर रंगही कळत नाही. मग तो पाहून कोणी स्वयंपाक शिकेल कसा?

पण अमेरिकेत हजारो लोक तसे शिकले. १९६२ साली ज्युलिया चाइल्ड या बाईंना बोस्टनच्या शैक्षणिक केंद्रावर पुस्तक-परिचयाच्या कार्यक्रमासाठी बोलावले होते. त्या विजेची शेगडी घेऊनच गेल्या आणि तेथे त्यांनी ऑम्लेट करून दाखवले! ‘आणखी दाखवा’ अशी प्रेक्षकांची पत्रे आली आणि १९६३ मध्ये ‘द फ्रेंच शेफ’ ही मालिका सुरू झाली. बाई काही जन्मजात सुगरण नव्हत्या. पॅरिसच्या पाकशाळेत त्यांनी नाव घातले, तेव्हा त्यांचे वय ३७ होते.

त्यांचे ऑम्लेट पाहा. तव्यात लोणी टाकायचे. त्याला फेस येतो. तो ओसरू लागला आणि लोणी तांबूस होण्याच्या बेतात आले, की फेटलेले अंडे ओतायचे. ही खूण म्हणजे चक्क एक तापमापकच आहे. कसा ते सांगतो.

विकतच्या लोण्यात सुमारे १६ टक्के पाणी असते. तापल्यावर या पाण्याची वाफ होते. फेस आणि चुरचुर ही तिचीच. पाणी आहे तोवर बरीचशी उष्णता बाष्पीभवनात खर्च होते आणि लोण्याचे तापमान १०० अंश सेल्सिअसच्या आसपास रेंगाळते. पाणी संपले, की फेस बसतो आणि तापमान भराभर चढते. मग दुधातील प्रथिने व शर्करा यांची रासायनिक क्रिया होऊन लोणी तांबूस होते. आणखी तापले तर करपते. म्हणजे फेस ओसरणे आणि रंग पालटणे यांच्या मधल्या क्षणी तवा पुरेसा तापलेला असतो, पण लोणी करपलेले नसते.

अंड्यातील प्रथिनांचे रेणू दोऱ्याच्या गुंड्यांसारखे असतात. ६० ते ७० अंशांच्या दरम्यान ते उलगडतात, एकमेकांत गुंततात आणि त्यांच्या जाळ्यात पाणी अडकते. ऑम्लेट मऊ लागते ते या पाण्यामुळे. ते फार वेळ तव्यावर राहिले तर जाळे आवळत जाते, पाणी पिळून निघते आणि ऑम्लेट चिवट होते. म्हणून बाईंचे ऑम्लेट अर्ध्या मिनिटाच्या आतच ताटलीत येई.

लोक स्वयंपाकाला धजले याचे आणखी एक कारण आहे. चित्रीकरण बहुधा सलग होई. चूक झाली तरी ती काढून टाकणे परवडत नसे. एका भागात बटाट्याचा पदार्थ उलटताना तो तव्याबाहेर सांडला. बाईंनी शांतपणे तुकडे गोळा करून परत तव्यात घातले. (पुढे सांगोवांगी या बटाट्याची कोंबडी झाली. काही तर टर्की म्हणतात!) मोठ्या बल्लवाचा बिनचूक हात पाहून माणूस थक्क होतो, पण त्याला स्वतः करावेसे वाटेलच असे नाही. सांडलेला बटाटा पाहून मात्र वाटते.

घरी लोणी कढवायला ठेवतील, तेव्हा जवळ उभे राहून कान द्या. आपल्या घरच्या लोण्यात पाणी अधिक, म्हणून कडकड बराच वेळ चालते. ती थांबली, की घड्याळ पाहा आणि बेरी तांबूस व्हायला किती वेळ लागतो ते मोजा.