दूरदर्शनचे दृश्य, यात्रेचा फलक आणि १९५७चा कायदा

पावसाळ्यात भातसा धरणाचे दरवाजे उघडले, की दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीच्या बातमीपत्रातले ते फेसाळते दृश्य मोबाइलवर थांबवून त्याचा स्क्रीनशॉट घ्यावा, कोपऱ्यातले वाहिनीचे बोधचिन्ह कापून टाकावे आणि तेच चित्र शहापुरातल्या एखाद्या पतसंस्थेच्या दिनदर्शिकेवर छापून मोकळे व्हावे. म्हसा यात्रेतल्या बैलबाजाराचे दृश्य असेल, तर ते मुरबाडच्या चौकातल्या फलकावर झळकवावे, हा प्रघात इतका रूढ झाला आहे, की त्यासाठी कोणाची परवानगी लागत असेल अशी शंकाही सहसा कोणास शिवत नाही.

याच्या मुळाशी असलेला सर्वांत बळकट समज म्हणजे दूरदर्शन जनतेच्या पैशावर चालते, सबब त्याची चित्रे जनतेची. तहसील कचेरीही जनतेच्याच पैशातून उभी राहिलेली असते, पण तिच्या ओसरीवर कोणी दुकान मांडीत नाही. दूरदर्शन ज्या प्रसारभारतीच्या अखत्यारीत आहे, ते महामंडळ संसदेच्या १९९०च्या अधिनियमान्वये २३ नोव्हेंबर १९९७ रोजी अस्तित्वात आले; आणि १९५७च्या कॉपीराइट अधिनियमाने सरकारी कृतींप्रमाणेच अशा सार्वजनिक उपक्रमांच्या कृतींनाही प्रकाशनानंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षांचे संरक्षण दिले आहे. अमेरिकेत संघराज्य सरकारच्या कृतींवर असा हक्क नसतो, हे खरे; परंतु तिथला नियम कसाऱ्याच्या अलीकडे लागू होत नाही. ब्रिटनमधली बीबीसी मुख्यतः लोकांनी भरलेल्या परवाना शुल्कावर चालते, तीही आपले हक्क राखूनच.

दुसरा समज अधिक चतुर आहे: आम्ही चित्रफीत घेतलीच नाही, एक स्थिर चित्र तेवढे घेतले. या युक्तिवादास कायद्याने आधीच उत्तर देऊन ठेवले आहे. चित्रपटाच्या मालकाचे अनन्य हक्क सांगणाऱ्या कलम १४ मध्ये चित्रपटाची प्रत काढण्याच्या हक्कातच त्याचा भाग असलेल्या कोणत्याही प्रतिमेचे छायाचित्र काढणेही स्पष्ट शब्दांत समाविष्ट आहे. आणि या अधिनियमाच्या व्याख्येने चित्रपट म्हणजे केवळ थिएटरातला सिनेमा नव्हे, तर कोणतेही ध्वनिचित्रमुद्रण होय. अर्थात भातशाच्या पाण्याचे ते एकच थांबवलेले दृश्य कायद्याच्या नजरेत प्रतच ठरते. दहा सेकंदांपर्यंतचा भाग मोकळा असतो, ही वदंताही निराधार आहे. अधिनियमात सेकंदांचे असे कोणतेही माप नाही. चित्राखाली ‘साभार’ लिहिणे हे सौजन्य खरे, पण तो परवाना नव्हे. आणि बोधचिन्ह कापल्याने मालकी तर बदलत नाहीच, उलट मालक कोण हे छापणाऱ्यास ठाऊक होते, याचाच तो पुरावा ठरू शकतो.

म्हणून प्रत्येक स्क्रीनशॉट गुन्हा, असा उलट टोकाचा धाकही कोणी बाळगू नये. कलम ५२ अन्वये खाजगी अभ्यास, टीका-परीक्षण आणि चालू घडामोडींचे वृत्तकथन यांसाठी न्याय्य वापरास मुभा आहे. शिक्षकाने अध्यापनाच्या ओघात केलेली प्रतही तिच्यात बसते. जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजींनी धरणाचा धडा शिकवताना ते दृश्य दाखवले, तर कोणी आडवे येणार नाही. तेच चित्र शाळेच्या जाहिराती घेतलेल्या स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर गेले, की अध्यापनाचा आधार सुटतो. स्थानिक साप्ताहिकाने विसर्गाच्या बातमीसोबत ते छापणे आणि पतसंस्थेने वर्षभर भिंतीवर टांगणे यांतला भेद माझ्या मते एवढा उघड आहे, की त्यासाठी वकिलाची पायरी चढण्याचे कारण नाही.

यूट्यूबवर जे सर्वांना दिसते ते सर्वांचे, हा समजही असाच. तिथे चित्रफितीच्या वर्णनात क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याचा उल्लेख असेल, तर श्रेय देऊन, व्यापारी कारणासाठीसुद्धा, वापर करता येतो; मात्र चित्रफीत चढवणारा इसम खरा हक्कदार असला पाहिजे, कारण दुसऱ्याने उचलून चढवलेल्या दृश्यावर लावलेला परवाना पोकळच. तसा उल्लेख नसल्यास यूट्यूबचा सर्वसाधारण परवाना लागू असतो, आणि त्यात पाहण्यापलीकडे छपाईचा हक्क मिळत नाही.

जुने चित्रण आपोआप मोकळे होते, हेही अर्धसत्यच. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले; त्या वर्षी प्रथम प्रकाशित झालेल्या चित्रफितीवरील हक्काची मुदत १९७३च्या आरंभापासून मोजल्यास २०३२च्या अखेरीस संपते. तोवर दिनदर्शिका काढणाऱ्याने कार्यक्रमाचे नाव, प्रसारणाची तारीख, हवे ते दृश्य कितव्या मिनिटाचे आणि किती प्रती छापायच्या, एवढा तपशील देऊन दूरदर्शनकडे लेखी अर्ज करावा. किंवा पौषी पौर्णिमेला स्वतःच म्हशाच्या बाजारात उभे राहून फोटो काढावा, ज्यावर पहिला हक्क त्याचाच राहील.