व्हॉल्व्हचा आवाज आणि हाताची जोडणी

जुन्या महाविद्यालयांच्या पदार्थविज्ञान प्रयोगशाळेत, कपाटाच्या तळच्या खणात, काचेच्या दोन-चार निर्वात नलिका अजून सापडतात. मागच्या पिढीने त्यांना ‘व्हॉल्व्ह’ म्हणूनच ओळखले. घरच्या मर्फी किंवा फिलिप्स रेडिओचे बटण फिरवले की आत तांबूस उजेड पडे आणि थोडा वेळ वाट पाहिल्यावर आवाज उमटे, तो त्यांचाच प्रताप. पुढे ट्रान्झिस्टर आला. रेडिओतून व्हॉल्व्ह गेले, गणकयंत्रांतून गेले. विद्युत गिटारच्या ध्वनिवर्धकातून मात्र ते गेले नाहीत. इतकेच नव्हे, तर साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या ध्वनिवर्धकांच्या हुबेहूब प्रतिकृती आज अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये लहान लहान कार्यशाळांतून, एकेक तार हाताने जोडून, बांधल्या जातात आणि कारखानी मालाच्या कितीतरी पट किमतीला विकल्या जातात. हा नुसता हौशी लोकांचा नाद आहे, की यात काही शास्त्रही आहे?

प्रथम व्हॉल्व्हचे काम पाहू. १९०४ मध्ये फ्लेमिंगने दोन अग्रांची नलिका तयार केली आणि १९०६ मध्ये ली डी फॉरेस्टने तिच्यात तिसरे अग्र, म्हणजे जाळी, घातली. तापलेल्या ऋणाग्रातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि निर्वातातून धनाग्राकडे धावतात. मधल्या जाळीवरचे व्होल्टेज किंचित बदलले की हा लोंढा पुष्कळ कमीजास्त होतो. कालव्याच्या दाराचा खटका बोटाने हलवावा आणि खाली पाण्याचा लोट बदलावा, तसेच हे.

हे तत्त्व सर्वांत उघड दिसते ते अमेरिकेतील फेंडर कंपनीच्या १९५० च्या दशकातील ‘चॅम्प’ या ध्वनिवर्धकात. त्यात व्हॉल्व्ह अवघे तीन. गिटारचा क्षीण इशारा ‘१२ एएक्स ७’ या जोडनलिकेच्या पहिल्या अर्ध्यात शिरतो आणि साधारण पन्नास-साठ पट होऊन बाहेर येतो. वाटेत आवाजाचे बटण. मग दुसरा अर्धा, आणि तेथून ‘६ व्ही ६’ या शक्तिनलिकेत. तिचा प्रवाह ट्रान्सफॉर्मरमधून आठ इंची स्पीकरला पोचतो. तिसरी नलिका घरच्या उलटसुलट प्रवाहाचा एकदिश प्रवाह करते. एकूण शक्ती पाच वॅटच्या आसपास. एवढ्या साध्या सर्किटात लपवायला जागाच नाही.

आता खरी गंमत. पाठ्यपुस्तकाप्रमाणे चांगला ध्वनिवर्धक तो, जो आत आलेला आवाज जसाच्या तसा मोठा करतो. गिटारवाल्याला नेमके हे नको असते. चॅम्पचे बटण पुरते फिरवले की नलिकेची क्षमता संपते, लहरींचे माथे बोथट होतात आणि मूळ स्वरात नसलेले उपस्वर त्यात मिसळतात. आपल्या संगीताच्या भाषेत सांगायचे, तर षड्ज छेडला असता दुसरा उपस्वर वरचा षड्ज आणि तिसरा त्याच्याही वरचा पंचम. हे कानाला परके वाटत नाहीत. साध्या ट्रान्झिस्टर सर्किटावर असाच ताण दिला, तर लहरींचे माथे कात्रीने छाटल्यासारखे सपाट होतात, वरच्या पट्टीतले कर्कश उपस्वर वाढतात आणि आवाज चिरका होतो. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची जवारी काढतात तेव्हा घोडीवर तारेखाली दोरा सरकवून ते अशीच उपस्वरांची भर घालतात. शुद्ध भौतिकीच्या हिशेबाने तीही ‘विकृती’च म्हणावी लागेल!

यात आणखी एक बारकावा आहे. जोराने तारा छेडल्या की प्रवाहाची मागणी एकदम वाढते, आणि ती एकदिशकारी नलिका व तिच्यामागचा ट्रान्सफॉर्मर क्षणभर दमतात. व्होल्टेज दबते, पुन्हा वर येते. आवाज आधी किंचित दबून मग फुलतो. वाजवणाऱ्याला हे कानाआधी बोटांना कळते असे म्हणतात.

फेंडरचे ध्वनिवर्धक कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावी बनत. लिओ फेंडर हा मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा, तेव्हा मांडणी रेडिओसारखीच: फायबरच्या पट्टीवर पितळी नेढी, त्यांत रोधक आणि धारित्रे, आणि तेथून व्हॉल्व्हच्या बैठकांपर्यंत तारा. डाख देणाऱ्या बहुतेक कामगार स्त्रिया होत्या, आणि आपले पहिले नाव लिहिलेली कागदी चिकटपट्टी त्या आत लावून ठेवत. आज असा जुना संच उघडणारा ती पट्टी प्रथम शोधतो. पण हाताची जोडणी त्या काळी कलेसाठी नव्हती. छापील सर्किटाचे तंत्र अजून रुळले नव्हते आणि काम करणारे हात परवडत होते, एवढेच. पुढे १९६५ मध्ये ही कंपनी सी.बी.एस. या बड्या संस्थेने विकत घेतली.

लंडनमध्ये अमेरिकन माल फार महाग पडे. तेथे हॅनवेल भागात जिम मार्शल या ड्रमवादकाचे वाद्यांचे दुकान होते. केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांच्यासह त्याने १९६२ मध्ये फेंडरच्या ‘बासमन’ ध्वनिवर्धकाची सरळ नक्कल केली. मात्र भाग इंग्लंडात मिळतील ते वापरले. ट्रान्सफॉर्मर वेगळे, पहिल्या टप्प्यात अधिक वर्धन देणारी नलिका, आणि मागून उघड्या पेटीऐवजी चार बारा इंची स्पीकरांची बंद पेटी. नक्कल करायला गेले आणि नवाच आवाज हाती आला! ‘जे.टी.एम. ४५’ या नावाचा तो संच पुढे रॉक संगीताचा पाया ठरला. आज त्याच नकलेच्या नकला हाताने बांधल्या जातात.

१९७० च्या दशकात मार्शलनेही छापील सर्किट स्वीकारले. जुन्या संचांच्या किमती चढू लागल्या आणि १९८० च्या दशकात काही अमेरिकन कारागिरांनी पुन्हा हाताची जोडणी धरली. न्यू जर्सीचा केन फिशर आपल्या ‘ट्रेनरेक’ संचांना क्रमांकाऐवजी स्त्रियांची नावे देई. कॅलिफोर्नियाचा अलेक्झांडर डंबल तर सर्किटावर राळेसारखा पदार्थ ओतून टाकी, कोणी नक्कल करू नये म्हणून. २०२२ मध्ये तो वारला. त्याचे संच आज अफाट किमतीला विकले जातात, पण त्या राळेखालचा एखादा रोधक जळाला तर तो बदलणार कसा?

माझ्या मते हाताच्या जोडणीचा खरा प्रश्न येथेच आहे. तार हाताने जोडली की यंत्राने, हे इलेक्ट्रॉनला कळत नाही. आवाज ठरतो तो ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यांवर, स्पीकरवर, भागांच्या मापांवर आणि मांडणीवर. जाळीची तार धनाग्राच्या तारेजवळून नेली तर संच शीळ घालू लागतो, म्हणून कुशल कारागीर प्रत्येक तारेची वाट विचारपूर्वक ठरवतो. पण नीट आखलेल्या छापील पट्टीवरही हे साधते. काही ग्राहक जुन्या पद्धतीचे कार्बनचे रोधक मुद्दाम मागतात. ते अधिक खरखर करतात, आणि त्या खरखरीचेही जास्त पैसे पडतात! तेव्हा ‘हाताची जादू’ ही जाहिरातीची भाषा बरीचशी बाजूला ठेवावी.

दुरुस्तीचा गुण मात्र निर्विवाद आहे. व्हॉल्व्ह तापतात. त्यांच्या बैठका छापील पट्टीवरच बसवल्या तर वर्षानुवर्षांच्या उष्णतेने पट्टी करपते, तांब्याच्या रेषा सुटतात. चेसिसवर घट्ट बसवलेली बैठक आणि मोकळी तार असली, तर पन्नास वर्षांनीही कोणताही रेडिओ मेकॅनिक जळलेला भाग डोळ्यांनी ओळखून बदलू शकतो. अडचण आहे ती व्हॉल्व्हची. बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये एके काळी ते बनत. आता मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीन येथेच बनतात, आणि २०२२ मध्ये युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर रशियाचा पुरवठा अडून किमती चढल्या.

आमच्या विज्ञान शाखेच्या एखाद्या विद्यार्थ्याला चॅम्पसारखा संच बांधून पाहावासा वाटला, तर भाग दोन-तीन डझनांहून अधिक लागत नाहीत. सर्वांत जास्त खर्च दोन ट्रान्सफॉर्मरांचा. पण एक गोष्ट ट्रान्झिस्टरवर शिकलेल्यांना ठाऊक नसते. या संचात तीनशे-साडेतीनशे व्होल्ट असतात, मोठ्या संचांत साडेचारशे किंवा त्याहूनही अधिक, आणि प्लग काढल्यावरही मोठी धारित्रे हा भार धरून राहू शकतात. त्याने माणूस दगावू शकतो. जुने मेकॅनिक चालू संचात मोजमाप घेताना डावा हात खिशात ठेवत, म्हणजे प्रवाहाला छातीतून जायला वाट मिळू नये. नवशिक्याने चालू संचात हात घालूच नये. प्लग काढून, योग्य मापाच्या रोधकातून धारित्रे रिकामी करावीत, मीटर लावून व्होल्टेज खरोखर शून्यावर आल्याचे पाहावे, आणि मगच डाखणीला हात लावावा.