डबीवरचे पेप्टाइड आणि कातडीचा पहारा

चेहऱ्याला लावायच्या क्रीमच्या डब्या दुकानात नीट पाहिल्यात, तर काहींवर 'पेप्टाइडयुक्त' असा शब्द तुम्हाला दिसेल. शेजारी बहुधा 'शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध' असेही छापलेले असते, आणि किंमत साध्या क्रीमच्या कितीतरी पट असते. येथे 'सिद्ध' म्हणजे नेमके काय? कोठे सिद्ध, कशावर सिद्ध आणि कशाच्या तुलनेत सिद्ध? या शब्दाचे वजन आज आपण करून पाहू या.

पेप्टाइड म्हणजे काय?

आपल्या शरीरातील प्रथिने म्हणजे ॲमिनो आम्लांच्या लांबच लांब माळा होत. एक ॲमिनो आम्ल दुसऱ्याला जोडले जाते तेव्हा पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि दोघांत 'पेप्टाइड बंध' तयार होतो. मोजक्याच मण्यांची आखूड माळ म्हणजे पेप्टाइड. जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशर यांनी १९०१ साली ग्लायसीनचे दोन रेणू जोडून अशी दोन मण्यांची माळ प्रयोगशाळेत बनविली होती.

त्वचेला बळकटी देणारे मुख्य प्रथिन म्हणजे कोलॅजेन. त्याच्या तीन माळा दोरखंडाच्या पेडांप्रमाणे एकमेकींभोवती पीळ घालून बसलेल्या असतात आणि प्रत्येक माळेत सुमारे १,००० मणी असतात. ही तिपेडी रचना मद्रास विद्यापीठातील भौतिकीचे प्राध्यापक जी. एन. रामचंद्रन आणि त्यांचे सहकारी गोपीनाथ कार्था यांनी १९५४-५५ मध्ये मांडली. वय वाढते तसे आणि उन्हाच्या माऱ्याने हे दोर विरळ होतात, तुटतात. मग त्वचेवर सुरकुत्या दिसू लागतात.

पहिली पायरी : काचपात्रातील पेशी

१९७३ साली लॉरेन पिकार्ट यांनी माणसाच्या रक्तद्रवातून ग्लायसीन, हिस्टिडीन आणि लायसीन अशा तीन मण्यांचे एक पेप्टाइड वेगळे केल्याचे प्रसिद्ध झाले. हे पेप्टाइड तांब्याच्या आयनाला धरून ठेवते. १९८८ साली फ्रेंच संशोधकांना असे आढळले, की काचपात्रात वाढविलेल्या, कोलॅजेन तयार करणाऱ्या पेशींना हे ताम्र-पेप्टाइड दिले असता त्या अधिक कोलॅजेन बनवितात. पुढे १९९३ मध्ये कोलॅजेनच्याच पूर्वरूपातील पाच मण्यांचा एक तुकडा असेच काम करतो, असे दिसून आले. जणू दोर तुटल्याची वर्दी या तुकड्याकडून पेशींना मिळते आणि त्या नवा दोर वळायला घेतात.

हे प्रयोग खरे आहेत आणि महत्त्वाचेही आहेत. पण काचपात्रात पेप्टाइड थेट पेशींवर ओतलेले असते. चेहऱ्यावर मात्र मध्ये कातडी आहे!

दुसरी पायरी : कातडीचा पहारा

त्वचेच्या अगदी बाहेर मृत, चपट्या पेशींचा एक थर असतो. त्याची जाडी बहुतेक ठिकाणी केवळ १० ते २० मायक्रोमीटर, म्हणजे वहीच्या कागदाहूनही कितीतरी कमी. पण रचना पाहा : पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्या मधले स्निग्ध पदार्थ म्हणजे चुना. या भिंतीतून आत जायचे, तर रेणू लहान हवा आणि त्याला स्निग्ध पदार्थात थोडेफार विरघळताही यावे लागते. नेदरलँड्समधील बॉस आणि मायनार्डी या संशोधकांनी २००० साली एक ढोबळ नियम मांडला : ५०० डाल्टनपेक्षा जड रेणू निरोगी त्वचेतून सहसा आत जात नाहीत. (हायड्रोजनच्या एका अणूचे वस्तुमान सुमारे १ डाल्टन असते.)

आता हिशेब करा. अखंड कोलॅजेनचा रेणू सुमारे ३,००,००० डाल्टनचा. तेव्हा क्रीममध्ये कोलॅजेन घातले तरी ते आतल्या दोरखंडात जाऊन बसणार नाही. ते वरच राहील. इन्सुलिन सुमारे ५,८०० डाल्टनचे. म्हणूनच ते त्वचेला चोळून चालत नाही, सुईने टोचावे लागते. पाच मण्यांचे ते पेप्टाइड सुमारे ५६४ डाल्टनचे. तीन मण्यांचे सुमारे ३४०, म्हणजे मर्यादेच्या आत. परंतु पाण्यात सहज विरघळणारे हे रेणू स्निग्ध चुन्यातून जायला नाखूश असतात.

यावर रसायनशास्त्रज्ञांनी एक तोड काढली. पाच मण्यांच्या पेप्टाइडला त्यांनी पामिटिक आम्लाची १६ कार्बनांची तेलकट शेपटी जोडली. वस्तुमान सुमारे ८०२ डाल्टन झाले, म्हणजे वाढलेच. पण स्निग्ध पदार्थांशी त्याची मैत्री झाली. केसरहित उंदरांच्या त्वचेवर २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात शेपटी नसलेले पेप्टाइड त्वचेच्या कोणत्याच थरात सापडले नाही. शेपटीचे मात्र त्वचेच्या थरांमध्ये आढळले. म्हणजे ही पायरी चढणे अवघड आहे, अशक्य नाही. पण उंदराची त्वचा माणसाच्या त्वचेहून पातळ असते, हेही ध्यानात ठेवावे.

तिसरी पायरी : माणसांवर चाचणी

समजा, एखादीने महिनाभर पेप्टाइडचे क्रीम लावले आणि बारीक रेषा फिक्या झाल्या. श्रेय पेप्टाइडचे का? थंडीत कोरड्या पडलेल्या हाताला नुसते खोबरेल तेल लावून पाहा. रेषा लगेच कमी दिसतात. कोणतेही स्निग्ध क्रीम त्वचेतील पाणी उडू देत नाही, वरचा थर फुगतो आणि रेषा बुजल्यासारख्या वाटतात. म्हणून तुलना करायची ती 'काहीच न लावणे' याच्याशी नव्हे, तर पेप्टाइड वगळून बनविलेल्या त्याच क्रीमशी.

अशी एक चाचणी २००५ साली प्रसिद्ध झाली. ३५ ते ५५ वर्षे वयाच्या ९३ स्त्रियांनी १२ आठवडे चेहऱ्याच्या एका बाजूला साधे क्रीम आणि दुसऱ्या बाजूला शेपटीचे पेप्टाइड असलेले तेच क्रीम लावले. कोणत्या बाजूला कोणते, हे त्यांनाही ठाऊक नव्हते आणि पारखणाऱ्यांनाही नव्हते. पेप्टाइडच्या बाजूला बारीक रेषा थोड्या अधिक कमी झाल्या. फरक लहान, पण मोजता येण्याजोगा होता. पेप्टाइडचे प्रमाण होते दहा लाख भागांत अवघे ३ भाग! ५० ग्रॅम क्रीममध्ये हे ०.१५ मिलिग्रॅम होते, म्हणजे मिठाचे दोन-तीन कण. तरी तेवढ्यात रेणू किती असतील, ते तुम्हीच ॲव्होगाड्रो संख्या घेऊन काढा. उत्तर १ वर सतरा शून्ये, याच्या आसपास येईल. तेव्हा केवळ प्रमाण अल्प म्हणून दावा खोटा ठरत नाही.

मग शंका कोठे उरते? ही चाचणी प्रसाधने बनविणाऱ्या कंपनीच्याच संशोधकांनी केली होती. त्यामुळे ती खोटी ठरत नाही, पण ज्यांचा त्या विक्रीशी संबंध नाही अशांनी ती पुन्हा करून पाहणे अगत्याचे ठरते. शिवाय तिचा निकाल त्या एका पेप्टाइडापुरता, त्या प्रमाणापुरता आहे. बाजारात पेप्टाइडे अनेक आहेत; एकाची परीक्षा झाली म्हणून सारा वर्ग उत्तीर्ण होत नाही.

तुलनेसाठी दुसरा पुरावा

भक्कम पुरावा कसा दिसतो, हे पाहायचे तर ऑस्ट्रेलियातील नॅम्बूर येथे १९९२ ते १९९६ मध्ये झालेली चाचणी पाहावी. ५५ वर्षांखालील ९०३ लोकांचे चिठ्ठ्या टाकाव्या तसे गट पाडले होते. काहींनी ऊनरोधक मलम रोज लावले, इतरांनी मनाला येईल तेव्हा. हाताच्या मागच्या बाजूचे ठसे घेऊन साडेचार वर्षांत त्वचा किती म्हातारी झाली, हे मोजले गेले. रोज लावणाऱ्यांत हे प्रमाण २४ टक्के कमी भरले. याच चाचणीत बीटा-कॅरोटीनच्या गोळ्याही तपासल्या होत्या. त्यांचा एकंदरीत उपयोग दिसला नाही. हे निकाल २०१३ साली प्रसिद्ध झाले.

तुमच्या वयात त्वचा स्वतःच भरपूर कोलॅजेन तयार करीत असते. सुरकुत्यांच्या क्रीमसाठी खाऊचे पैसे साठविण्याचे काहीच कारण नाही. मुरुमांचा त्रास असेल, तर जाहिरातीपेक्षा डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. उन्हात मात्र टोपी, छत्री आणि पूर्ण बाह्यांचा सदरा विसरू नये.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. वर्गात अशी एखादी जाहिरात आणून फळ्यावर चार प्रश्न लिहावेत : प्रयोग काचपात्रात झाला, प्राण्यावर की माणसावर? पदार्थ पेशींपर्यंत पोचतो, हे दाखविले आहे का? तुलना कशाशी केली? आणि खर्च कोणी केला? उत्तरे मुलांनाच शोधू द्यावीत. हेच चार प्रश्न केस वाढविणाऱ्या तेलाला आणि उंची वाढविणाऱ्या भुकटीलाही विचारता येतील.